सव्वापट वजनाची चाचणी

बायको: थांबा. पुन्हा सांगा. माझा स्वेटर कुठे गेला म्हणालात?

नवरा: वर गेला. लेकीच्या शहरात. अकरा हजार फुटांवर. पोत्याच्या अंगात आहे.

बायको: कुठल्या पोत्याच्या?

नवरा: तुझ्या.

बायको: माझं पोतं?

नवरा: वाळूचं. अगं, चौतीस वर्षं लिफ्टची कामं केली मी. माणूस चढवायच्या आधी आम्ही लिफ्टमध्ये वाळूची पोती चढवायचो. पोती धडधाकट वर जाऊन खाली आली, की मगच माणसं. एवढ्या वर्षांत एकाला ओरखडा नाही. आणि स्वतःच्या बायकोला चाचणी न करता एवढ्या उंचावर पाठवू?

बायको: अहो, लेकीनं दोन वर्षांनी बोलावलंय मला. पंधरा दिवसांत बर्फानं घाट बंद होणार, मग सहा महिने जायचं नाव नको. आज संध्याकाळपर्यंत तिकीट काढायचंय. आणि तुम्ही माझ्याआधी पोत्याला पाठवलंत?

नवरा: मागच्याच आठवड्यात. ट्रकनं. ट्रकवाला विचारत होता, बसवून नेऊ की झोपवून? मी म्हटलं, बसवून ने. तिला झोपून प्रवास केला की मळमळतं.

बायको: आणि स्वेटर कशाला?

नवरा: थंडी बाधते का, कळायला नको?

बायको: बाधली तर काय शिंकणार होतं का ते?

नवरा: कर चेष्टा. खिशात बिस्किटांचा पुडाही ठेवलाय. बंद पुडा उंचीवर फुगतो म्हणे. पुडा फुगला तर तूही...

बायको: पुढे बोलू नका. वाळू किती भरलीत?

नवरा: साडेबहात्तर किलो.

बायको: काय! मी अठ्ठावन्न आहे!

नवरा: नियम आहे तसा. नेहमी सव्वापट वजन टाकून बघायचं.

बायको: अरे देवा. पोरीला वाटेल, आई इकडे बसून नुसती खातेय.

(फोन वाजतो.)

बायको: घ्या, तिचाच. स्पीकरवर टाकते.

नवरा: मी घरात नाही म्हणून सांग.

बायको: बोल गं बाळा.

मुलगी: आई, तू परवा पोहोचलीस.

बायको: मी इथेच आहे, बाई.

मुलगी: ते कळतंय मला. पण सोबत चिठ्ठी आहे ना. 'पोहोचल्यावर दोन दिवस पूर्ण विश्रांती. पाणी वरचेवर पाजावे. हट्ट केल्यास ऐकू नये.' पाणी नाही पाजलं, वाळू ओली झाली असती. बाकी सगळं केलं. खिडकीशी खुर्चीत बसवलंय तुला. काल घरमालकीण येऊन तासभर गप्पा मारून गेली.

बायको: पोत्याशी?

मुलगी: तिला कमी दिसतं. जाताना मला म्हणाली, तुझी आई किती शांत स्वभावाची, तू अजिबात तिच्यावर गेली नाहीस.

नवरा: श्वास नीट चाललाय का विचार.

बायको: कुणाचा?

मुलगी: आई, कोण बोललं?

बायको: घरात नसलेला माणूस.

मुलगी: बरं. त्या माणसाला सांग, शिवण उसवली नाही, वाळू सांडली नाही. पुडा मात्र टम्म फुगला.

नवरा: बघ! म्हटलं नव्हतं?

मुलगी: पण बिस्किटं चांगली होती. मी खाल्ली.

बायको: म्हणजे मी पास. काढते मग एक तिकीट.

मुलगी: थांब, आई. एक विचारायचं होतं. पोती दोन आलीत.

बायको: दोन?

मुलगी: दुसरं चांगलंच जड आहे. दोन हमालांनी मिळून आणलं, आणि वर येईपर्यंत कुणाकुणाचा उद्धार केला त्यांनी. त्याला कामावरचा जुना खाकी शर्ट घातलाय. कोपराला ठिगळ आहे.

बायको: अहो, इकडे बघा. पंख्याकडे काय बघताय? दुसरं कुणाचं?

नवरा: जादाचं आहे. लागलं तर जवळ असावं म्हणून.

मुलगी: त्यालाही चिठ्ठी आहे. 'हे दाराबाहेर ठेवले तरी चालेल.'

बायको: एवढं सगळं केलंत, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?

नवरा: काय बोलणार? ती हवामानखात्याच्या नोकरीला निघाली, तेव्हा मीच म्हटलं होतं ना, एवढ्या लांब जातेस तर जा, पण मला कधी बोलावू नकोस. आयुष्यात एकदाच माझं ऐकलं कार्टीनं, आणि तेही नेमकं हेच. बोलावणं आलं ते तुला एकटीला. त्यात माझं नाव नव्हतं.

बायको: मग मला सांगायचं. मी बोलले असते तिच्याशी.

नवरा: लाज वाटते गं. मला जायचंय. दोन वर्षं झाली, तोंड पाहिलं नाही पोरीचं. पण कुठल्या तोंडानं विचारू? पोत्याचं बरं असतं. त्याला कुणी परत पाठवलं, तरी त्याला काही वाटत नाही.

मुलगी: बाबा, मला सगळं ऐकू येतंय.

नवरा: हं.

मुलगी: तुमचं पोतं मी आत घेतलंय. पहिल्याच दिवशी. आईच्या शेजारच्या खुर्चीत आहे. पाठीला थोडं पोक आलंय, बाकी छान आहे.

नवरा: मग... झाली म्हणायची का चाचणी?

मुलगी: झाली. आता माणूस पाठवा. फक्त इथे लिफ्ट नाही, बाबा. तीन जिने चढावे लागतील. या उंचीवर दम लागेल तुम्हाला.

नवरा: लागू दे.