ठकीचं शिंकं

...काटा काढून! बोंबलाचा काटा, तुम्हाला सांगतो, आमच्या रंगूनं उभ्या संसारात माझ्यासाठी कधी काढला नव्हता, आणि या म्हाताऱ्या मांजरीसाठी चुलीपुढं बसून, डोळे बारीक करकरून, बोटानं चाचपत एकेक काटा काढते, मग मऊ भात, त्यावर बोंबलाचं पाणी, मग फुंकर... फुंकर मारते हो! का, तर ठकीची जीभ भाजेल! आणि मी? मी तिचा लग्नाचा नवरा, खाडीवरच्या मिठागरात जन्मभर करपलेला, माझ्यापुढं कालची भाकरी! असो. माझं काही म्हणणं नाही!

इंग्रज गेला त्या साली ही ठकी आमच्या डोंबिवलीच्या घरात आली. म्हणजे एक राज्य गेलं, दुसरं आलं! कणगीखाली तिनं एक उंदीर जिवंत ठेवला नाही, आणि आढ्याला टांगलेल्या शिंक्यात एक मासा! अशी झेप घ्यायची... रंगू पळी घेऊन मागं, "शुक! शुक मेले!" आणि ठकी बोंबील तोंडात धरून परसात. रोजचा तमाशा! आता दात गेले, झेप गेली, उंदीर तिच्या शेपटीवरून जातात आणि ही जांभई देते. मग रंगूनं ठरवलं, हिला घरचं शिजवून घालायचं.

बरं, घाला! पण बाईसाहेब खातील तर ना? ताटलीत वाढलं की हुंगायचं, तोंड फिरवायचं, आणि चुलीमागं उपाशी पडायचं. नुसत्या बरगड्या राहिल्या. रंगूला घास उतरेना! आमच्या नव्या भाडेकरू मंदाकिनीबाई, शिकलेल्या, पुण्याकडच्या, त्या म्हणाल्या, "मालक, आहारात बदल हळूहळू करावा लागतो. दूध-पोळी देऊन पाहा ना." दिली! ठकी पोळीवर झोपली!

शेवटी रंगूच्याच डोक्यात आलं. "आवो, तिनं जल्मात ताटलीत वारलेलं कधी खाल्लंय? चोरलेलं खाल्लंय ती!" झालं! आढ्याचं शिंकं खाली आलं, पार पाटाच्या उंचीवर, त्यात वाडगं, आणि नाटक सुरू. रंगू मोठ्यानं म्हणणार, "चालले गं बाय मी विहिरीवर!" आणि जाणार कुठं? तर दाराआड! वर मला, "आवो, तिकरं तोंड करा! तुमी बघलं तर ती खानार नाय!" मी, या घराचा मालक, भिंतीकडं तोंड करून उभा! मागं लपलप, लपलप... वाडगं चाटून झालं की रंगू पळी आपटत आत, "शुक! खाल्लंस गं सगळं? शुक मेले!" आणि ठकी अशी ऐटीत पळते, जसा काही सरकारी खजिनाच लुटलाय! आणि तेव्हा रंगूच्या तोंडावर जे हसू येतं... खरं सांगतो, ते मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलेलं नाही. जळतो मी! हो, मांजरीवर जळतो! जळू नको तर काय करू? दात काय तिचेच गेलेत? पण माझं काही म्हणणं नाही!

तुम्ही म्हणाल, मग मागायचा होता मऊ भात. अहो, माझे दात गेले तेव्हा रंगूनं आणलेला की! मी ताट लोटलं! म्हटलं, मी काय बाळंतीण आहे? मिठागरातला गडी मी, हिरड्यांनी खडे फोडीन! बोलून बसलो... तेव्हापासून भाकरी. चघळायची आणि पाण्याबरोबर ढकलायची. तीसुद्धा रंगूचं लक्ष नाही असं बघून!

परवा रंगू खरोखरच विहिरीवर गेलेली. ठकी परसात उन्हाला पडलेली. समोर शिंकं, वाफ येतेय... काय करणार? बसलो आणि घेतला घास. अळणी! ज्याचा जन्म मिठात गेला त्याच्या तोंडात अळणी घास! तरी खाल्ला, वाडगं बोटानं पुसलं, आणि तेवढ्यात दाराशी पळी वाजली, "शुक! शुक मेले!" आणि मी, तुम्हाला सांगतो, मी घरमालक, धोतर सावरत परसदारानं पळालो! परसात ठकीनं माझ्याकडं बघितलं. माझ्या मिशीला भात होता.

रंगूनं रिकामं वाडगं नेऊन घासलं. पण काल बघतो तर आढ्याला दुसरं शिंकं! ठकीच्या शेजारी, जरा वर, माझ्या छातीएवढं. "चालले गं बाय मी विहिरीवर!" म्हणाली आणि दाराआड झाली. पदर दिसत होता तिचा! मी वाडग्यात हात घातला. मऊ भात, बोंबील, एक काटा नाही. आणि मीठ! बरोब्बर माझ्या तोंडाचं मीठ! वाडगं दोनदा बोटानं पुसलं... मिठामुळं नाही हो. मग "शुक शुक" झालं, पळालो. पळायला नको? नाही पळालो तर उद्या तिला ताटात वाढावं लागेल, आणि मला ते लोटावं लागेल!

संध्याकाळी मंदाकिनीबाई कुंपणावरून विचारतात, "रंगूबाई, लागली का हो मांजर घरच्या जेवणाला?" आणि आमची रंगू, लुगड्याला हात पुसत, मी समोर ओट्यावर बसलेला दिसत असून म्हणते,

"लागली की बाय. दोनी लागली."

...माझं काही म्हणणं नाही!