जेनीचा बरा झालेला पाय

आदरणीय अध्यक्ष मधुकरराव, व्यासपीठावरील पाहुणे, आज सेवानिवृत्त होणारे आपले डॉ. दत्तोपंत घारपुरे, सौ. उत्तरावहिनी आणि जनावरांच्या दवाखान्यातील बंधुभगिनींनो,

सरांच्या शस्त्रक्रियांबद्दल आधीचे वक्ते बोललेच आहेत. मला आठवतात ते टाके काढल्यानंतरचे सर. कुत्र्याच्या गुडघ्याचा तुटलेला बंध शिवता येतो. पण तो पाय पुन्हा जमिनीवर टेकायचं धैर्य कुठून शिवायचं?

पोलिसांच्या श्वानपथकातली जेनी आपल्याला आठवत असेल. टाके निघाल्यावर तिला सांभाळणारे शिपाई शालिकरामभाऊ तिला रोज गुरांच्या हौदात उतरवून पाण्यातून हळूहळू चालवायचे. बाहेर आली की शिवलेला पाय वर! शेवटी सरांनी तिच्या चांगल्या पायाच्या तळव्याखाली सोडा-बाटलीचं बूच बांधायला सांगितलं. तिकडे टोचलं की भार इकडे येणारच.

"चांगल्या पायाले काहून छळता, साहेब?"

"तो सगळं सोसतो ना गा, म्हणून हा ऐतखाऊ झाला. तुझ्या मेव्हण्यासारखा."

शालिकरामभाऊ हसले. बूच बांधलं.

जेनी चालू लागली आणि पेच पडला. तंदुरुस्त ठरली तर वरच्या हुकुमाप्रमाणे तिची रवानगी चंद्रपूरला, दुसऱ्या शिपायाच्या हाती. निकामी ठरली तर ती कायमची शालिकरामभाऊंच्या घरी. दाखला द्यायचा होता सरांनी. तपासणीच्या दिवशी त्यांनी मुद्दाम विचारलं, "थोडी लंगडते का गा?"

मी शेजारीच होतो. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"नाही साहेब. पाहा ना, कशी पळून राहिली!"

सरांनी सही केली. ते बरोबर झालं का? लेखणी माझ्या हाती असती तर? माझं अजून ठरत नाही.

गेल्या पावसाळ्यात जेनी गेल्याचं कळलं. चोराचा माग काढताना साप चावला. शालिकरामभाऊ दवाखान्यात आले. म्हणाले, "पायानं तं दगा नाही न दिला, साहेब?"

"नाही गा. सगळ्यांच्या पुढे होती."

हा प्रश्न येणार हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी चंद्रपूरला आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं.

सर, बरं करणं आपण आम्हाला शिकवलंत. जाऊ देणं मात्र आज आपल्याला निरोप देतानाही जमत नाही.

शालिकरामभाऊ मागे दाराशी उभे आहेत. अध्यक्षांची परवानगी असेल, तर सरांना पहिला हार त्यांनी घालावा. भाऊ, या ना पुढे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. गौरवाच्या दिवशी दुखरी आठवण काढली. कुणाला बोचली असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्यावी.