डबी शोकेसमध्ये ठेवली होती

...नाही, मी म्हणतो, जे दिसत नाही, ज्याला वास नाही, त्याच्याशी माणसानं भांडायचं तरी कसं? तुम्हाला सांगतो, वीस वर्षं मी आमच्या तळघरात बसून घड्याळं दुरुस्त करतोय, रोज दहा तास, आणि मध्यंतरी मेहुणी आली, छातीच्या वॉर्डात नर्स आहे ती, खाली डोकावली आणि म्हणाली, "दाजी, इथला रेडॉन मोजलात का?" म्हटलं, हा कोण बुवा? तर म्हणे गॅस! जमिनीतून निघतो, फरशीच्या भेगांतून घरात शिरतो, तिथेच कोंडून राहतो, आणि वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर! "त्यात तुमची सिगारेट, म्हणजे आगीत तेल!"

झालं! साधा ठसका लागला तरी घाम फुटायचा हो! दिसत नाही, वास नाही... पण असला तर?

तिनं मोजायची डबी दिली. आठवडाभर तळघरात ठेवायची, दारं-खिडक्या बंद. सोपं ना? पण आमची ही! "परीक्षा म्हटली की तयारी नको?" म्हणत तळघर धुतलं, खिडक्या सताड उघडल्या, आणि डबी... "खाली ओल आहे, खराब होईल बिचारी," म्हणून वर शोकेसमध्ये! कपबशांच्या शेजारी! घर पहिल्या नंबरानं पास! मी छाती फुगवून हिंडतोय, तेवढ्यात मेहुणीनं विचारलं, "ताई, डबी होती कुठे?"

पुन्हा मोजलं. खाली. मर्यादेच्या तिप्पट! दिसत नाही, वास नाही, आणि वीस वर्षं माझ्या शेजारी बसून होता!

मग गवंडी आला, भेगा बुजवल्या, फरशीखालून थेट छपरावर पाईप नेला, गॅस बाहेर ओढायला त्याला पंखा बसवला. आकडा उतरला. सिगारेटी हिनं परस्पर केरात टाकल्या. पण तो पंखा घूंऽऽ करतो हो, अखंड! मी घड्याळाचं दुखणं कानानं ओळखणारा माणूस, टिकटिक ऐकू नको? मग काय, हळूच बंद करायचो... दहाच मिनिटं!

काल पकडला गेलो. ही जिन्यात उभी. वाटलं, आता तोफ सुटणार, तर डोळ्यांत पाणी! "घड्याळं पडू देत बंद. तुम्ही चालू राहा."

आता पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी मारलीय तिनं. मी आपला स्क्रूड्रायव्हर दातांत धरतो, टोक घड्याळाला टेकवतो, टिकटिक हाडातून कानात येते. गिऱ्हाईकं म्हणतात, म्हातारा घड्याळं खायला लागला... म्हणू देत!