मायचं थँक्यू

चहाच्या एका कपावर तीनदा थँक्यू कायले म्हनता राजेहो? मले माही माय आठवते.

मी दारव्ह्याले आठवीत होतो. इंग्रजीच्या मास्तरानं सांगितलं, कोनी पानी दिलं तर थँक्यू म्हना, जास्तीचं वाढन नको असलं तरी थँक्यू म्हना, अन् भाषन संपलं की बसाच्या आधी थँक्यू म्हना. सुट्टीत बोरी अरबले घरी आलो. मायनं ताटात भाकर टाकली. मी म्हनलं, "थँक्यू."

"म्हंजे काय रे?"

"तुहे लय उपकार झाले."

तिचा हात थांबला. "मी काय परकी आहो? हे बाहेरच्याले म्हनाचं. घरात नाही."

शब्द मात्र तिनं उचलला. कंडक्टरनं गठुडं वर घेतलं, थँक्यू. दुकानदारानं गुळाचा खडा जास्त टाकला, थँक्यू. पाव्हना जातो म्हनला, त्यालेही थँक्यू. मले मात्र कधीच नाही. मी मुद्दाम विहिरीवरून पानी आनून देवो, तरी नुसती हसे.

मंग मले नागपूरले नोकरी लागली. येतो येतो म्हनता दोन वर्सं गावाकडे फिरकलोच नाही. शेवटी गेलतो तवा तिच्यासाठी नवं लुगडं नेलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, पदरानं पाट पुसून माह्यापुढं ठेवला, अन् म्हनलं,

"थँक्यू. बसा."