दोनदा म्हटलं की सोडायचं

"हॅलो?… कोण?… आई? अहो, तुम्ही वरून कशा काय… मोठ्यानं बोला, नुसती घरघर येतेय… हो, हो, मीच. हँगरमध्येच आहे, हा प्लास्टरचा पाय घेऊन जाणार कुठे?… काय उडतंय? काचेवर?… काळं की तपकिरी?… आई, ऐका ना. आधी रंग सांगा, मग खुशाल शिव्या द्या."

तिने हातातला पाना बाकावर ठेवला. वरचं विमान तिचंच होतं. चार खुर्च्या, एक इंजिन, अंगभर पिवळा रंग, म्हणून पिवळी. तिने आणि नवऱ्याने भंगारातून उचलून, हाताची सालटी काढत उभं केलेलं. सासूबाई त्याला 'तुमचं लाडकं कार्टं' म्हणत आणि त्यात पाय ठेवणार नाही म्हणून हटून बसलेल्या. आज पहिल्यांदा बसल्या, त्याही सुनेने गळ घातली म्हणून. लेकाच्या शेजारच्या खुर्चीत. एरवी ती खुर्ची सुनेची.

"तेल आहे ते… कुणी सांडलेलं नाही, इंजिनातून येतंय… तो रेडिओवर बोलतोय? बोलू दे. तुम्ही माझ्याशी बोला. फोन कुठे धरलाय?… कानावरच्या हेडफोनच्या गादीच्या आत सरकवलात? शाबास… टोमणा नाही हो, खरंच शाबास… आवाज कसा येतोय? ठकठक?… आता त्याच्यासमोर एक छोटी तबकडी असेल, तेलाच्या बुधलीचं चित्र… सापडली? काटा कुठेय?… लाल पट्टीत. बरं."

ते 'बरं' तिचं तिलाच परकं वाटलं. तेल संपलं की इंजिन आधी ठोकतं, मग आवळतं, मग थांबतं. किती वेळात, ते कुणालाच सांगता येत नाही. जो सांगतो तो थापा मारतो.

"खाली काय दिसतंय?… पाण्याची उंच टाकी? कुठल्या हाताला?… समोर? नाकासमोर?… म्हणजे इकडे यायला निघालाय. पिवळीला घरी आणतोय. मूर्ख!… हो, तुमच्याच मुलाला म्हणतेय. आई, टाकीच्या पलीकडे वस्ती आहे. छपरं, शाळा, तारा. ती ओलांडली की मग आमची धावपट्टी. टाकीच्या अलीकडे काय आहे?… शेत? पीक उभं आहे की कापलंय?… कापलंय. मग तिथेच उतरायचं. आत्ता. इंजिनात धुगधुगी आहे तोवर. सांगा त्याला."

फोनमध्ये माय-लेकांची घासाघीस चालली होती. एक शब्द धड कळेना.

"काय म्हणतो?… पोचेल?… इंजिन स्वतःच्या हातानं बांधलंय, दगा देणार नाही? अहो, इंजिनाला काय माहीत हात कुणाचे होते!"

इंजिनाच्या भरवशावर या माणसांनी इतक्या बाता मारलेल्या असतात! क्लबातल्या खुर्च्यांत बसून, कपबशी वाजवत. आजवर एकदाही बंद पडलं नाही, म्हणे. बंद पडेपर्यंत प्रत्येक इंजिन एकदाही बंद पडलेलं नसतं. पण खुर्चीतल्या बाता वर आठवतात आणि माणूस चांगलं शेत सोडून घराकडे नाक धरतो. का? तर विमान मोडू नये. स्वतः मोडला तरी चालेल, शेजारी आई मोडली तरी चालेल.

"हो, शेतात उतरला तर पुढचं चाक रुतेल. पंखा वाकेल. पुन्हा उडणारही नाही कदाचित… कळतंय मला, आई. मोडू दे… मीच बोलतेय. मोडू दे म्हणा पिवळीला… नाही, चेष्टा नाही. त्याला सांगा, ती म्हणतेय मोडू दे… काय?… तुम्ही मनचं सांगताय म्हणतो?"

म्हणणारच. सुनेचं लेकाला आणि लेकाचं सुनेला पोचवताना सासूबाईंनी पदरचं घातलं नाही असं कधी झालंच नव्हतं. 'उशीर होईल' इकडून निघायचं आणि 'तिला घराची पडलेलीच नाही' होऊन तिकडे पोचायचं. दोघं रात्री हसायची त्यावर. आणि पिवळी मोडावी अशी इच्छा त्या घरात एकाच बाईची होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"फोन त्याच्या कानाला लावा… ढकलला? दोन्ही हात गुंतलेत?… बरं, राहू दे. आता मी काय सांगते ते नीट ऐका. आमचा विमानातला एक नियम आहे. एकानं दोनदा 'सोड' म्हटलं की दुसऱ्यानं सोडायचं. हातातलं, डोक्यातलं, जे धरून बसला असेल ते. वाद नाही, का म्हणून विचारायचं नाही. कोण चुकलं ते खाली उतरल्यावर… हो, तोही पाळतो. मीही… तुम्हाला कधी सांगितलं नाही म्हणूनच तर कामाचं आहे! तुमच्या तोंडून ऐकलं की त्याला कळेल कुणी सांगितलं ते… रुसा, घरी येऊन रुसा. आता फक्त 'सोड, सोड' म्हणा. 'ती म्हणते' नको, 'राजा' नको, पदरचं एक अक्षर नको. म्हणा, आई!"

तिने डोळे मिटले. बाकाची कड बोटांत रुतली.

"म्हणालात?… मग?… तुमच्याकडे बघतोय? नुसता बघतोय?… टाकी कुठेय? आई, त्याच्याकडे नको, टाकीकडे बघा… सरकतेय? काचेतून बाजूच्या खिडकीत आली?… वळला. वळला तो! आता… आई? आवाज का गेला? आई!… पंखा दिसतोय? उभा आहे?… अगदी थांबला."

वस्तीवर असतं तर. तिने तो विचार तिथेच गाडला.

"ओरडू नका, त्याच्या कानात ओरडताय तुम्ही. दगडासारखं पडत नाही ते, घसरत उतरतं. नाक खाली ठेव म्हणावं… नको, काहीच म्हणू नका, त्याला येतं ते. तुम्ही तुमचं करा. चष्मा काढा. पट्टा ओढा, अजून, पोटात रुतेपर्यंत. आता दाराची कडी उघडा… हो, हवेतच! आपटलं की चौकट दबते, मग दार उघडत नाही. पायातली चप्पल काढून फटीत कोंबा… नवी आहे? असू दे नवी! कोंबली?… स्वेटर तोंडापुढे धरा, डोकं गुडघ्यात. फोन बंद करू नका. गळ्याशी खोचा… काय?… हो. मीपण. नंतर बोलू. डोकं खाली!"

वाऱ्याची शीळ. त्याचा आवाज, एकच शब्द, कळला नाही. मग कडाड, आणि पत्रा फरफटत नेल्यासारखं लांबलचक काहीतरी. मग काहीच नाही.

"आई?… आई… हॅलो?… आई, बोला ना हो. काहीही बोला. शिव्या द्या. हॅलो?"

बाहेर कुणीतरी पाण्याची बादली ठेवली. तेवढाच आवाज जगात उरला होता.

"हॅलो!… हो! हो, ऐकतेय!… दार उघडलं? चपलेनं?… आणि तो?… बसलाय? कुठे, आत की बाहेर?… हात लोंबतोय. शुद्धीवर आहे ना? तुम्हाला ओळखतो?… तुम्हाला लागलंय का?… चष्म्याचं नको हो, आई, तुमचं सांगा! तुम्हाला लागलंय का?… पेट्रोलचा वास येतोय? मग अजून लांब व्हा. त्याला दंडाला धरून… कुठे निघाला? पिवळीकडे? धरा त्याला! एकही पाऊल मागे जाऊ देऊ नका, सांगा, ती… काय म्हणालात त्याला?… दोनदा?… बसला खाली?"

ती हसली. हसताना नाकातून पाणी आलं. बाहीने पुसलं.

"पिवळीचं नका सांगू. नाही, नका सांगू, मला कळलंय… आई, तुमचा आवाज कापतोय… माझा? माझा नाही कापत… ॲम्ब्युलन्स बोलावते, हो, लगेच. टाकीच्या अलीकडचं शेत, माहितेय मला. पण तुम्ही फोनवरच राहा. बाहेर पहारेकरी आहे, त्याच्या फोनवरून लावते, हा नाही बंद करत… नाही, हा नाही ठेवणार मी. ठेवला आणि मग तुम्ही उचललाच नाही तर?… नाही म्हणजे नाही, आई. तुम्ही नुसतं बोलत राहा, ती चप्पल कुठे पडली ते सांगा… काय?… काय म्हणालात?… परत म्हणू नका. नका ना…"

सासूबाई परत म्हणाल्या. पदरचं एक अक्षर न घालता.

तिने फोन ठेवला.