आज पुढच्या सीटची पाळी

म्युरिएल : अरे, मागे कुठे चाललायस? रोज सगळे दोन-दोन रांगा पुढे सरकतोय ना? आज पहिली रांग आपली.

क्लिफर्ड : होती. चल, पाय उचल. लोक खोळंबलेत.

म्युरिएल : होती म्हणजे?

क्लिफर्ड : पेंडलबरीबाईंना दिली. गुडघा आखडतो त्यांचा. काल त्या पुढे होत्या, आजही राहतील. पुढचे फिरून मागे जातात ना, ती त्यांच्या वाट्याची शेवटची रांग आपण घेतली.

म्युरिएल : आज घाट आहे, क्लिफर्ड! हिमनदी आहे. उद्या बसलो असतो की मागे. मला कडेचं दिसत नाही रे, नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं. खिडकीतून नुसतं सरसर पळतं सगळं. आणि नाताळनंतर तर, डॉक्टर म्हणतात, तेवढंही...

क्लिफर्ड : झालं सुरू! श्रूजबरीचं घर सोडल्यापासून हीच रड. फोटो काढतो, घरी बघ टीव्हीला नाक लावून.

थिया : काय अडलंय? बस निघायला हवी. मॉर्टनबाई, तुम्ही आज पुढे ना? माझ्या यादीत तसंच आहे.

क्लिफर्ड : आपापसांत बदललं आम्ही. टूर तुमची असली तरी एवढं चालतं ना?

थिया : चालतं. पण पेंडलबरीबाई एकट्याच आहेत, शेजारची जागा रिकामी आहे. यांना तिथे बसवते.

क्लिफर्ड : छे छे! हिची अखंड टकळी. हे काय, ते काय. त्या बाईंचं डोकं उठतं. त्याच म्हणाल्या.

म्युरिएल : त्या म्हणाल्या? काल तर हात धरून मला जिना उतरवला त्यांनी.

क्लिफर्ड : मग काय तोंडावर सांगतील? तिथे मी बसतो. पुढून फोटो चांगले येतात.

म्युरिएल : आणि मी एकटी?

क्लिफर्ड : लहान आहेस का? हे घे सँडविच. चहा पिशवीत आहे, कालच्यासारखा अंगावर सांडू नकोस.

(क्लिफर्ड पुढे जाऊन बसतो. बस घाट चढू लागते.)

थिया : खिडकीशी नका बसू, मॉर्टनबाई. मागच्या बाकावर अगदी मधोमध या. इथून थेट पुढच्या काचेपर्यंत मोकळं आहे. दिसतंय?

म्युरिएल : थांब हं... अगंबाई! रस्ता दिसतोय गं. पांढरा पट्टासुद्धा. किती गुणाची आहेस!

थिया : आता हे वळण संपलं की बर्फ. नुसती भिंतच्या भिंत... आली बघा! दिसली?

म्युरिएल : नाही.

थिया : बस वळलीय ना, म्हणून. जरा डावीकडे झुका. आता?

म्युरिएल : आता एक हात दिसतोय.

थिया : कुणाचा?

म्युरिएल : क्लिफर्डचा. त्या बाईच्या केसांत आहे.

थिया : अहो... वळणावर तोल गेला असेल.

म्युरिएल : वळण संपलं की. हात अजून तिथेच आहे. आणि ती मान टेकून बसलीय त्याच्या खांद्यावर. माझे डोळे बिघडल्यापासून मला बोटसुद्धा लावलं नाही गं त्यानं. मी आपलं म्हणायची, वय झालं, थकला असेल.

थिया : चला, खिडकीशी बसवते तुम्हाला. तिथून हे दिसणार नाही.

म्युरिएल : नको. दिसतंय तोवर बघून घेते.