एकशे सात नंबरचा माइक

नाही नाही, वही देणारच आहे मी, वहीसाठीच आलात तुम्ही, कळलं मला — पण आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचं चाक निसटतं. इकडे. आता ही वही म्हणजे नुसती वही नाहीये हो. चॅनलच्या या कंट्रोल रूममध्ये एकवीस वर्षं काढली मी, आणि गेले चार महिने एकच काम करतेय — इमारतीतला एकेक कॅमेरा, एकेक माइक शोधायचा, त्याला नंबर द्यायचा, नाव लिहायचं. दोनशे सोळा झाले. का? अहो, सगळं एक झालं ना आता! पूर्वी आमचा स्टुडिओ वेगळा, आमच्या जाडजूड केबली वेगळ्या. आणि खालचे ते मीटिंगचे हॉल, त्यांचे पडदे, प्रोजेक्टर, भाषणाचे माइक — तो संसारच निराळा. आता एकाच वायरीतून सगळं धावतं. हॉलमधला माइक मी इथं बसून ऐकते, आमचा कॅमेरा तिकडच्या पडद्यावर दिसतो. चांगलंच आहे. मी कुठं वाईट म्हणतेय?

आणि हे जोडायचं काम तुमच्या कंपनीला मिळालं कसं? मॅडमनी सांगितलं नसेल. मी मिळवून दिलं! माझी सख्खी धाकटी बहीण आहे ती — हो, तुमच्या मॅडम. माहीत नव्हतं? बघा. आमच्या चॅनलच्या साहेबांकडे किती खेटे घातले मी तिच्यासाठी. साहेब म्हणायचे, हॉलवाल्यांना थेट प्रक्षेपणातलं काय कळतं? म्हटलं, मी शिकवते. शिकवलंही. चित्र आणि आवाज मागेपुढे झाले तर जुळवायचे कसे, कार्यक्रम चालू असताना माइक मेला तर बघणाऱ्याला कळू न देता दुसरा कसा घ्यायचा — सगळं. हातचं काही राखलं नाही. बहिणीपासून कसलं राखायचं?

पूर्वी हसायचे मी तिला, खोटं कशाला बोलू. भोंगेवाली म्हणायचे. गमतीनं हो! तिनं पहिल्या हॉलात माइक-स्पीकर बसवले ना, तेव्हा चारचौघांत म्हटलं होतं — हिचं काय, भोंगा टांगला की काम संपलं. सगळे हसले. तीही हसली. हसली होती का? हसलीच असेल. जाऊ द्या, पंधरा वर्षं झाली त्याला.

तर गेला मंगळवार. एकशे सात नंबर. साहेबांच्या बैठकीच्या खोलीत, छतातला माइक — तुम्हीच बसवलाय तो. नंबर दिला होता, नाव लिहायचं राहिलं होतं म्हणून हेडफोन लावला, तर हिचा आवाज. साहेबांशी बोलत होती. बारीक येत होता, म्हणून मी वाढवला. अहो, सवय! हात आपोआप जातो. मागं एसीची घरघर होती, तीही काढून टाकली — तेव्हा कुठं स्पष्ट आलं. "ताईला एवढ्यात सांगू नका, वही पुरी होऊ दे. मग दोन्हीकडचं माझी माणसं बघतील, स्टुडिओला वेगळं माणूस लागणारच नाही." साहेब म्हणाले, तिला काय वाटेल? तर म्हणते कशी — "दोन दिवस रडेल, मग गप्प बसेल. ताई तशीच आहे." केसानं गळा कापला हो माझ्या बहिणीनं, आणि तो आवाज मीच नीटनेटका करून ऐकला.

चुकून ऐकलं, एकदाच. म्हणजे — बुधवारीही दोघं बसली होती, तेव्हाही ऐकलं. गुरुवारी तर मुद्दाम लावून बसले. वाटलं, एखादं वाक्य येईल — ताईला दुसरीकडे कुठं तरी घ्या, किंवा निदान, हे सगळं ताईनंच शिकवलंय मला. नाही आलं. शुक्रवारी माझा विषयसुद्धा निघाला नाही. त्याचं जास्त लागलं. आणि रविवारी माझ्याच घरी, माझ्याच हातचं जेवून, वर विचारते — ताई, वही कुठवर आली गं? म्हटलं, झालीच. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? तुम्हाला सांगतेय, तुमचं नावही माहीत नाही मला. आणि वहीतला एकही नंबर चुकवलेला नाही, हेही सांगते. हात वळला नाही तसा.

काय म्हणालात? मॅडम परगावी आहेत, म्हणून तुम्हाला पाठवलं? असं. जरा या पडद्याकडे बघा. दोनशे तीन नंबर, गाड्या लावायच्या जागेचा कॅमेरा. ती करडी गाडी — तुम्ही उतरलात ना तिच्यातून? स्टिअरिंगवर कोण बसलंय? अहो, तुम्ही कशाला मान खाली घालताय, तुमचा काय दोष? पाठवलं, आलात.

तीन मजले फक्त. लिफ्टही चालू आहे. तिनं वर यावं, माझ्या तोंडावर मागावी, मी देते वही. भांडणार नाही, रडणारही नाही. एवढंच सांगा तिला खाली जाऊन — थांबा. दार उघडलं तिनं. उतरली. वर बघतेय, बघा, आमच्याच खिडकीकडे बघतेय —

बसली परत.

घ्या वही. घ्या म्हणते ना! उचला आणि निघा. नाही, निरोप काही नाही.